पिग्मीवरची स्विफ्ट

शोरूममध्ये आज नारळ फोडायला जागा नाही.

दसरा, २ ऑक्टोबर २०२५, सकाळचे साडेनऊ. कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीच्या बाजूला आलं की हायवेला लागून हे शोरूम आहे. अंगणात नव्या गाड्यांच्या तीन रांगा. प्रत्येक बॉनेटवर लाल साटीनचं कापड, त्यावर झेंडूचा हार, वायपरला अडकवलेली ग्राहकाच्या नावाची चिठ्ठी. एका कोपऱ्यात ‘नारळ येथेच फोडावेत’ असा कागद चिकटवलाय, पण तो वाचायला कुणाला सवड नाही. लोक आपापल्या चाकापाशीच नारळ फोडतायत आणि झाडूवाला पोरगा करवंट्या गोळा करत रांगांमधून फिरतोय. दर पाच मिनिटांनी आत घंटा वाजते, स्टाफ टाळ्या वाजवतो, फोटोग्राफर ‘साहेब, इकडं बघा’ म्हणतो आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली एका कुटुंबाच्या हातातून दुसऱ्या कुटुंबाच्या हातात जाते.

आत्ती अजून गाडीकडे फिरकलेलीच नाही. ती काउंटरवर उभी राहून बिल वाचतेय.

माझी आत्ती शुक्रवार पेठेत मिरची कांडप चालवते. वय बावन्न. आज हिरवं इरकल नेसलीय, केसात शेवंतीची वेणी आहे, काखेत कापडी पिशवी. पिशवीत आपट्याची पानं, हळदीकुंकवाची डबी आणि चार चाकांसाठी चार लिंबं. बिलाच्या ओळीवरून तिचं बोट सरकतंय. बोटाची पेरं तांबूस आहेत. पंचवीस उन्हाळ्यांच्या मिरचीचा रंग साबणानं जात नाही.

“एक्स-शोरूम पाच लाख अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे,” सेल्सचा मुलगा वाचून दाखवतो. “रस्ता कर अकरा टक्के, त्रेसष्ट हजार सहाशे एकोणऐंशी. त्याखाली विमा. थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, काकू. मग नंबरप्लेट, फास्टॅग.”

“आणि ह्ये?”

“ॲक्सेसरीज किट. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, परफ्यूम…”

“मॅट र्‍हाऊ दे. सीट कव्हर उद्यमनगरात शिवून मिळतंय. परफ्यूम तर नकोच. मिरचीपुढं कुठला टिकतोय?”

मुलगा हसतो आणि ओळ खोडतो. नवा कागद छापून येईपर्यंत तो डिलिव्हरीचा फॉर्म भरायला घेतो. नाव, पत्ता, मोबाइल, रंग. एका रकान्यापाशी त्याचं पेन थांबतं.

“फायनान्स कुणाचं?”

“कुणाचं न्हाई.”

“म्हणजे लोन कुठल्या बँकेचं?”

“लोन न्हाई बाळा. पैसे भरल्यात.”

तो मान वर करून आधी आत्तीकडे, मग माझ्याकडे बघतो. आज सकाळपासून त्यानं भरलेल्या फॉर्मांची चळत शेजारीच पडलीय. त्या रकान्यात कुठल्या ना कुठल्या बँकेचं नाव आहे. तो आत्तीच्या फॉर्मवर आडवी रेघ ओढतो. आरसीवरही गाडी कुणाकडं तारण असल्याची नोंद येणार नाही.

पलीकडच्या टेबलावर एक तरुण जोडपं बसलंय. बाईच्या मांडीवर तान्हं बाळ, पुरुषाच्या हातात कॅल्क्युलेटर. त्यांची गाडी मोठी आहे, कर्ज सात वर्षांचं. बाळ शाळेत जाऊ लागेल तेव्हाही हप्ता चालूच असेल, असं तो बायकोला सांगतो आणि दोघंही हसतात. हसण्यात काळजी आहे, पण आनंद जास्त आहे. माझी पुण्यातली गाडीही अशीच आलीय. महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून पैसे जातात, मोबाइल एकदा थरथरतो, विषय संपतो. त्या जोडप्याकडे बघून मला काही वावगं वाटत नाही. पण आत्तीच्या फॉर्मवरची ती रेघ मी पुन्हा एकदा बघून घेतो.

बुकिंगच्या दिवशीही मी तिच्याबरोबर होतो. फायनान्सच्या टेबलावरच्या मुलीनं तेव्हा तिला फार प्रेमानं समजावलं होतं: पैसे ठेवीत राहू द्या, पाच लाखांचं कर्ज काढा, नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी महिना फक्त दहा हजार तीनशे एकोणऐंशी. आत्तीनं तिचाच कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि त्याला साठनं गुणलं. सहा लाख बावीस हजार सातशे चाळीस.

“वरचे एक लाख बावीस हजार कशाचे?”

“व्याज, काकू.”

“म्हंजे गाडी आधी मिळाल्याचे.”

“हो, तसंच.”

“मग मला घाई न्हाई.”

आज तीच मुलगी लांबून हात करते. आत्ती पिशवीतून आपट्याचं पान काढून तिला देऊन येते.

“अण्णा आले का बघ,” परतल्यावर ती मला सांगते. “ते आल्याशिवाय कापड काढायचं न्हाई.”

अण्णा म्हणजे पिग्मीवाले अण्णा. कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या पट्ट्यात पिग्मी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पतसंस्थेचा माणूस रोज संध्याकाळी दारात येतो, पन्नास-शंभर जे असतील ते घेतो, पावती देतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. ही रीत आली उडुपीहून. तिथल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं, १९२८ साली दारोदार माणसं पाठवून रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तिची ही रीत आमच्याकडच्या पतसंस्थांनी केव्हाच आपलीशी केली होती. भाजीवाली, पानपट्टीवाला, सायकल दुरुस्तीवाला, इस्त्रीवाला: ज्याच्या गल्ल्यात रोज पैसा येतो आणि रोज जातोही, त्याच्यासाठी ही सोय. महिन्याच्या शेवटी शिल्लक टाकू म्हणणाऱ्याच्या हातात महिन्याच्या शेवटी काही उरत नाही, हे या धंद्याला पक्कं ठाऊक आहे.

पिग्मीला व्याज बेताचंच. अण्णांचं कमिशनही त्यातूनच निघतं. मी एकदा आत्तीला म्हटलं होतं, एसआयपी कर, मोबाइलवरून आपोआप कापले जातात. तिनं विचारलं, “त्यो एसआयपीवाला रोज दारात येतोय का?”

“नाही.”

“मग मला लाज कुणाची वाटंल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सातच्या सुमाराला अण्णांची लुना गल्लीच्या तोंडाशी फटफटते आणि गल्ल्यातले दोनशे बाजूला निघतात. भिशीची बाई, साडीचा हप्तेवाला, नणंदेच्या घरचं लग्न, या सगळ्यांच्या आधी. एरवीचे नऊ महिने रोज दोनशे. मिरचीचा सीझन म्हणजे पाडव्यापासून पाऊस लागेपर्यंतचे तीन महिने. तेव्हा कांडपावर पहाटेपासून पोत्यांची रांग असते, ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, आणि पिग्मी रोज हजारावर जाते. वर्षाला होतात एक लाख चव्वेचाळीस हजार. अण्णांच्या मशीनमधून निघणाऱ्या पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून आत्ती आकडा कालनिर्णयच्या त्या-त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवते. खाडा झाला तर तिथं फुली. वर्ष संपलं की कालनिर्णय गुंडाळून माळ्यावर.

आणि दर दिवाळीला ती साठलेली सगळी रक्कम पतसंस्थेतून काढते आणि बँकेत ठेव करते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. शेजारणीचे पैसे एका बुडालेल्या पतसंस्थेत अडकले, तेव्हा ती शेजारणीबरोबर खेटे घालत होती. तेवढ्यावर ती शिकली. अण्णांवर विश्वास आहे, पण विश्वास एका वर्षापुरता.

गाडीसाठी तिनं पहिल्यांदा पिग्मी लावली २०१६ साली. तीन वर्षांत दोन लाखांच्या वर जमले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी आहे त्रेचाळीस फूट. पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आज आम्ही उभे आहोत त्या शिरोलीजवळचा हायवेही तेव्हा पाण्याखाली गेला आणि पुण्या-मुंबईचा रस्ता तुटला. पाणी उतरल्यावर कांडपाच्या मोटारीतून गाळ निघाला. मागची भिंत पडली होती. गाडीचे पैसे मोटारीत, भिंतीत आणि नव्या चौथऱ्यात गेले. पुढच्या मार्चमध्ये मिरचीची पहिली पोती आली आणि लॉकडाऊन लागला. तो सीझन असाच गेला. जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा घरात आली. या वेळी मोटार आधीच वर उचलून ठेवली होती, म्हणून वाचली.

त्या दिवाळीत आत्तीनं पुन्हा पिग्मी लावली, आणि यंदाचा हा चौथा सीझन.

“आले बघ,” मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, म्हणतात.

अण्णा लुना बाहेर लावून आत येतायत. पांढरा शर्ट, टोपी, खांद्याला तीच पिशवी. सुटीच्या दिवशीही पिग्मीची पिशवी त्यांच्या खांद्यावरून उतरत नाही. ते शोरूमच्या काचेच्या दारापाशी क्षणभर घुटमळतात, चपला काढाव्यात की काय असा विचार करतात, मग तशाच घालून आत येतात.

“वहिनी, मी कशाला? घरची माणसं पुरेत की.”

“तुम्ही गप उभं र्‍हावा हितं.”

मामा बाकावर बसून हे सगळं शांतपणे बघतायत. त्यांची तीस-बत्तीस वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत गेली. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमधून देशभरच्या वाहन कारखान्यांना कास्टिंग जातात. मामांनी वितळलेलं लोखंड साच्यात ओतलंय; इंजिनाचे ब्लॉक, ब्रेकचे ड्रम. गाडी आतून कशी असते ते त्यांना माहीत आहे. ती चालवायला मात्र ते कधी शिकले नाहीत.

“आमच्या वेळी उलटं हुतं,” ते मला सांगतात. “मालकाकडं पैसा हुता, पण पद्मिनी मिळायला नंबर लावून बसला हुता. पैसा हाय आणि गाडी न्हाई.”

मामांचं बोलणं खरं आहे. परवान्यांच्या काळात फियाट किंवा ॲम्बॅसॅडरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. डिसेंबर १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली, त्याच्या आधी हजारो लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं होतं. तेव्हा माणूस गाडीसाठी थांबे. आता गाड्या अंगणात तीन रांगा करून उभ्या आहेत आणि थांबायचं ते फक्त पैशासाठी. कर्जानं तेही थांबणं काढून टाकलंय. आत्तीनं ते आपल्यापुरतं परत आणलं, एवढंच.

या थांबण्यात एक खोट होती. आत्ती साठवत होती आणि गाडीची किंमत पुढे पळत होती. दर जानेवारीत काही हजार वाढायचे. २०२४ च्या मे महिन्यात नवी स्विफ्ट आली ती सहा लाख एकोणपन्नास हजारांना. त्यावर कर, विमा धरला की साडेसात लाख. पिग्मी, ठेवींचं व्याज आणि भिशीचे पन्नास हजार मिळवून आत्तीकडं या श्रावणात होते पावणेसात. तिनं पुढच्या पाडव्याचा हिशेब मांडला होता. मग २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला. सत्तर हजार किमतीत उतरले, किंमत उतरल्यावर रस्ता करही सात हजारांनी उतरला. पाडव्याचं गणित दसऱ्यालाच सुटलं. पहिल्या माळेला ती शोरूममध्ये येऊन पैसे भरून गेली. आरटीजीएसनं, कारण दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही. पोतंभर नोटा ओतायची मामांची हौस तेवढी राहिली.

“काकू, चला. तुमचा नंबर,” मुलगा बोलवायला येतो.

गाडी दुसऱ्या रांगेत आहे. फोटोग्राफर आम्हाला कापडाच्या चार कोपऱ्यांना उभं करतो: आत्ती, मामा, अण्णा, मी. तीन म्हटल्यावर कापड ओढायचं. आत्ती दोनलाच ओढते.

गाडी लाल आहे. बुकिंगच्या वेळी रंगांचे नमुने बघून तिनं ही छटा निवडली होती. मुलानं छटेचं इंग्रजी नाव सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, “ह्यो ब्याडगीचा रंग. दुसरा लवंगीचा, त्यो डोळ्यात जातोय.”

हळदीकुंकू, स्वस्तिक, आपट्याचं पान, नारळ. चाकाखाली लिंबं ठेवायला आत्ती स्वतः वाकते. कालच्या खंडेनवमीला कांडपाच्या यंत्राची पूजा झाली, आज गाडीची. एमएच-०९ च्या पुढचा नंबर साधाच आहे, जो आला तो घेतलाय. मुलगा पुठ्ठ्याची किल्ली पुढं करतो. आत्ती ती मामांच्या हातात देते आणि खरी किल्ली मागून घेते.

“साहेब चालवणार ना?” मुलगा मामांकडे बघत विचारतो.

“साहेबांना येत न्हाई.”

आत्तीचं लायसन्स गेल्या डिसेंबरचं आहे. सकाळी सहा ते सात मोटार ड्रायव्हिंग स्कूल, आठपासून कांडप. आरटीओच्या मैदानावरचा आठचा आकडा तिनं आधी घरी फरशीवर मिरचीच्या देठांनी काढून पाठ केला होता. ती सीटवर बसते, सीट पुढं सरकवते, पुन्हा पुढं सरकवते. आरसा खाली करते. पदर सीटबेल्टमध्ये अडकतो, तो सोडवते. मग पलीकडच्या दाराकडे मान करते.

“अण्णा, पुढं बसा.”

अण्णा मामांकडे बघतात. मामा आधीच मागचं दार उघडून आत शिरलेत.

“वहिनी, माझी लुना…”

“लुना कोण न्हेत न्हाई. बसा.”

अण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसतात. घंटा वाजते, टाळ्या वाजतात, लिंबं चिरडतात. पहिल्या झटक्याला गाडी बंद पडते. दुसऱ्या वेळी ती फाटकाबाहेर निघते.

हायवेवर ती तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही. डाव्या बाजूनं, कंटेनरना वाट देत. पूल येतो. पंचगंगा आता आपल्या पात्रात आहे, गढूळ आणि निवांत. कुणी काही बोलत नाही. तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नल लागतो तेव्हा अण्णा घसा खाकरून विचारतात:

“वहिनी, इतकी वर्षं पैसे घेतले, पण कधी इचारलं न्हाई. गाडी कशाला हवी हुती? धंद्यासाठी म्हणावं, तर पोती ह्यात मावत न्हाईत.”

हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारून झालाय. भावकीनं विचारला, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं विचारला, मीही विचारलाय. बाईमाणसानं आपल्या पैशातून गाडी घेतली की लोकांना कारण लागतं: दवाखाना, देवदर्शन, लेकीचं सासर. आजवर तिनं प्रत्येकाला एकच उत्तर दिलंय, “बसायला.”

आज सिग्नल मोठा आहे.

“सीझनला गिऱ्हाइकं येतात न्हवं,” ती समोर बघत म्हणते. “पुण्या-मुंबईची गाडी घेऊन. पोतं खाली ठेवत्यात आणि परत गाडीत जाऊन बसत्यात. काचा वर. एसी चालू. का, तर ठसका लागतोय. मी आत तोंडाला फडकं बांधून उभी, आणि ती काचंच्या आत. पंचवीस वर्षं बघितलं. म्हटलं, एकदा आपण बी काचा वर करून बसायचं.”

ती बटण दाबते. चारही काचा वर सरकतात. हॉर्न, डिझेलचा धूर, ढोल, सगळं एकदम बाहेर राहतं. मामा मागून हात लांब करून एसीची जाळी अण्णांच्या तोंडावरून स्वतःकडे वळवतात.

“थंड लागतंय का?” आत्ती विचारते.

“लागतंय की,” अण्णा म्हणतात.

सिग्नल हिरवा होतो.

शुक्रवार पेठेतल्या बोळात गाडी जाईल की नाही, हे मामांनी महिनाभर आधीच टेपनं मोजून ठेवलंय. गाडीची रुंदी एक मीटर साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. बोळ साडेआठ फूट. कट्ट्याचा दगड दीड फूट बाहेर. जाते. पण पावसाळ्यात ती इथं राहणार नाही. धोक्याच्या पातळीच्या आधीच ती राजारामपुरीत चुलत दिराच्या अंगणात नेऊन लावायची, असं ठरलंय. कांडपाच्या मोटारीचं ठिकाण चौथऱ्यावर, गाडीचं ठिकाण टेकावर. पेठेतल्या माणसानं काहीही विकत घेतलं की ते पुरात कुठं न्यायचं हे आधी ठरवावं लागतं.

पोरं गाडीभोवती जमतात. शेजारीण ओवाळते. श्रीखंड-पुरीचं जेवण होतं. अण्णांना मी माझ्या गाडीतून त्यांच्या लुनापाशी सोडून येतो. दुपारभर आत्ती दर अर्ध्या तासानं दारात येऊन बघून जाते आणि कुणी पाहिलं की रांगोळी नीट करायला आल्यासारखं करते.

संध्याकाळी सगळे दसरा चौकात. गाडी शाहूपुरीत लावलीय, पुढचे रस्ते बंद आहेत. चौकात पाय ठेवायला जागा नाही. अंबाबाईची पालखी आलीय, भवानी मंडपातून तुळजाभवानीची आलीय, गुरुमहाराजांची आलीय. सूर्य खाली उतरायला लागतो तशी गर्दी एका बाजूला वळते. ‘मेबॅक आली, मेबॅक आली.’ राजाराम महाराजांनी तीसच्या दशकात जर्मनीहून बनवून घेतलेली ही मोटार अजून दर दसऱ्याला नव्या राजवाड्यावरून छत्रपतींच्या घराण्याला घेऊन इथं येते. लांबलचक बॉनेट, मोठे गोल दिवे. लोक मोबाइल उंच धरतात. बाप आपल्या पोरांना खांद्यावर घेतात.

“मला बी आबांनी असंच दाखवलं हुतं,” आत्ती म्हणते. “पाच-सहा वर्षांची असंन.”

“तेव्हाच गाडीचं मनात आलं?” मी विचारतो. माझ्या डोक्यात लेख सुरू झालाय आणि तिला ते कळतं.

“खुळा का काय! ती राजाची गाडी. आपण बघायची आणि नमस्कार करायचा. हिच्यावरनं कुणाला काय वाटत न्हाई. शेजाऱ्याच्या गाडीवरनं वाटतंय.”

शमीपूजन होतं, बंदुकीच्या फैरी झडतात आणि सोनं लुटायला गर्दी तुटून पडते. मामांच्या हाती तीन पानं लागतात. मग हजारो माणसं एकाच वेळी घरी निघतात.

आम्ही शाहूपुरीतून गाडी काढतो आणि सीपीआर चौकाच्या अलीकडं अडकतो. पुढं रिक्षा, मागं रिक्षा, दोन्ही बाजूंना दुचाक्या, मधून चालणारी माणसं. रस्त्याला किंचित चढ आहे. पुढची रिक्षा हातभर सरकते, आत्ती क्लच सोडते, गाडी बंद पडते. पुन्हा चालू करते. पुन्हा बंद. दुचाकीवरचा एक जण वाकून आत बघतो आणि शेजारच्याला काहीतरी सांगतो. मामा दार उघडतात.

“कुठं?”

“चालत जातो. पाणी यायच्या आत मोटार चालू करायची हाय,” म्हणजे नळाचं पाणी. ते उतरतात आणि गर्दीतून आमच्या पुढं निघून जातात.

मागच्या रिक्षावाल्याचा हात हॉर्नवरून निघत नाही. मी मागं वळून बघतो. आत्ती आरशात बघते. तिच्या कपाळावर एसीतही घाम आहे. ती बटण दाबून आपल्या बाजूची काच खाली करते आणि अर्धं अंग बाहेर काढते.

“नऊ वर्षं दम धरलाय मी! तुला दोन मिनिटं धरवंना?”

हॉर्न थांबतो. रिक्षावाला हात जोडतो. आत्ती काच वर करते, हँडब्रेक ओढते, शिकवल्याप्रमाणे क्लच हळूहळू सोडत ॲक्सिलरेटर दाबते, हँडब्रेक खाली करते. गाडी चढावर पुढं सरकते, आणि मागून दुसऱ्याच कुणाचा तरी हॉर्न सुरू होतो.